परदेशातल्या भाड्याच्या घरात स्क्रोल सॉ: आधी जागा बघा, मग यंत्र

प्रश्न विचारणारे मूळचे परभणीचे. तीन वर्षांपासून जर्मनीत, श्टुटगार्टजवळ नोकरीला आहेत. तिसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर, घरात बायको आणि पाच वर्षांची मुलगी. हिवाळ्यात साडेचारलाच अंधारून येतं, दिवसभर स्क्रीनसमोर बसल्यावर हाताने काहीतरी करावंसं वाटतं, म्हणून स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक पात्यानं लाकडात नक्षी कापायचं विजेचं यंत्र, घ्यायचं त्यांच्या मनात आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: कोणतं यंत्र घेऊ, शेजारी तक्रार करतील का, आणि दोन-तीन वर्षांनी कायमचं परत यायचं ठरलं तर यंत्राचं काय करू?

मी अंबाजोगाईचा. जर्मनीत नऊ वर्षं होतो आणि त्यातली सहा वर्षं माझा स्क्रोल सॉ एका इमारतीच्या तळघरात चालला. आता तो छत्रपती संभाजीनगरला घरामागच्या शेडमध्ये आहे आणि जवळपास रोज चालतो. त्यामुळे तिन्ही प्रश्नांबद्दल स्वतः केलेलं, बिघडवलेलं आणि दुरुस्त केलेलं तेवढंच सांगतो.

तुम्ही सुरुवात यंत्रापासून केली आहे, पण खरी अडचण जागेची आहे. तिकडे हौसेनं यंत्र घेतलेले आणि वर्षाच्या आत ते खोक्यात परत भरलेले तीन-चार मराठी लोक मला माहीत आहेत. कुणाचंच यंत्र वाईट नव्हतं. एकाच्या घरभर भुसा झाला, एकाच्या खालच्यांनी तक्रार केली, आणि बाकीच्यांना कपाटातून यंत्र काढून जेवणाच्या टेबलावर मांडायलाच अर्धा तास लागायचा. संध्याकाळी साडेसातला मोकळा झालेला माणूस अर्धा तास मांडामांड करत नाही. त्यामुळे पहिला प्रश्न असा धरा: वर्षभर जागेवरून न हलवता हे यंत्र कुठे उभं राहील? वरचं कापड काढलं की पाच मिनिटांत पातं चालू झालं पाहिजे. अशी जागा सापडली तर पुढचं सगळं जमतं.

ह्यात बरंच काही तुमच्या परिस्थितीवर आहे. घरमालक कसा आहे, इमारतीच्या नियमावलीत काय लिहिलंय, तळघरातल्या तुमच्या खणात विजेचं बटण आहे का, मुलगी किती वाजता झोपते, हे मला इथे बसून दिसत नाही. म्हणून यंत्र घेण्याआधी महिनाभर एक काम करा, म्हणजे ह्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा आपोआप होईल.

हातकरवतीने सुरुवात करा. जर्मनीत तिला लाउबझेगे म्हणतात. यू आकाराची लोखंडी चौकट आणि तिच्यात ताणून बसवलेलं दोऱ्यासारखं बारीक पातं. तिथली शाळकरी पोरंही ती वापरतात आणि पंधरा-वीस युरोत बऱ्यापैकी मिळते. सोबत व्ही आकाराची खाच असलेली एक छोटी फळी आणि ती टेबलाला आवळायला शिकंजा घ्या. पातं लावताना दात खाली, हँडलच्या बाजूला आले पाहिजेत, म्हणजे खाली ओढताना लाकूड कापलं जातं आणि वर नेताना पातं मोकळं जातं. आवाज जवळजवळ नाहीच, त्यामुळे रविवारी दुपारी स्वयंपाकघरात मुलीला शेजारी बसवूनही चालवता येते.

ह्यातून हाताला जे वळण लागतं ते पुढे यंत्रावर जसंच्या तसं उपयोगी पडतं. आमच्या अंबाजोगाईच्या गल्लीत एक सुतारमामा होते. शाळेतून येताना मी त्यांच्या दारात दप्तर टाकून बसायचो. कमानी करवतीवर मी जोर लावायला लागलो की ते माझं मनगट धरायचे आणि म्हणायचे, "ढकलू नको बापू. पात्याला खाऊ दे. तू निस्तं लाकूड धर." स्क्रोल सॉवर नवख्यांची निम्मी पाती ह्याच एका चुकीनं तुटतात. महिनाभर हाताने कापून तुम्हाला कंटाळा आला नाही, उलट आणखी बारीक नक्षी करावीशी वाटली, तर यंत्र खुशाल घ्या.

आता शेजाऱ्यांचं. तिकडे रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावी लागते, रविवारी आणि सणाच्या सुट्टीला दिवसभर. बऱ्याच इमारतींच्या नियमावलीत दुपारी एक ते तीनचीही भर असते. राहिल्या कामाच्या दिवशीच्या संध्याकाळी आणि शनिवार. तेवढा वेळ छंदाला पुष्कळ आहे. स्क्रोल सॉचा हवेतून येणारा आवाज फार नसतो, मोटारीच्या शिलाई मशीनपेक्षा थोडा जास्त धरा. त्रास होतो तो थरथरीचा. पातं मिनिटाला हजारभर वेळा वरखाली होतं, तो हादरा टेबलाच्या पायांतून जमिनीत उतरतो आणि खालच्या घरात छतातून घूंऽऽ असा ऐकू येतो. वरच्या माणसाला ह्याचा पत्ताही नसतो.

मला तो पत्ता चिठ्ठीतून लागला. दुसऱ्याच महिन्यात खालच्या आजींनी टपालपेटीत नीट सभ्य शब्दांत लिहून टाकलं होतं की संध्याकाळी त्यांच्या बैठकीच्या खोलीत काहीतरी गुणगुणतं. मी त्यांच्याकडे गेलो, बायकोला वर यंत्र सुरू करायला सांगितलं आणि त्यांच्या सोफ्यावर बसून स्वतः ऐकलं. खरंच असह्य होतं. तुम्ही ही परीक्षा चिठ्ठी यायची वाट न बघता पहिल्याच दिवशी करा. त्यांचं दार वाजवा, काय करताय ते सांगा, आणि त्यांच्या घरात उभं राहून ऐका. तिकडची माणसं आधी विचारलं तर बरंच चालवून घेतात. न विचारता केलेलं मात्र सहसा चालवून घेत नाहीत.

थरथर कमी करायचा माझा उपाय साधा होता. खाली वॉशिंग मशीनच्या पायांखाली घालतात तसली जाड रबरी चटई, तिच्यावर बागेत अंथरतात ती चाळीस बाय चाळीस सेंटिमीटरची सिमेंटची फरशी, तिच्यावर पुन्हा रबर आणि मग यंत्र. वजन वाढलं की हादरा तिथेच जिरतो. ह्याने आवाज खूप खाली आला, पण जुन्या लाकडी तक्तपोशीच्या इमारतीत एवढं पुरत नाही. आमचं घर तसलंच होतं, म्हणून शेवटी मी यंत्र तळघरात नेलं. तळघरातला दिवा आणि प्लग सगळ्यांच्या सामाईक मीटरवर होता. त्याचे महिन्याचे काही युरो ठरवून, लेखी परवानगी घेऊन मगच यंत्र लावलं. हे लेखी घ्याच. तोंडी "हो" म्हणणारा माणूस घर विकून जातो आणि नवा मालक पहिल्या दिवसापासून विचारायला लागतो.

भुशाकडे नवे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. स्क्रोल सॉचा भुसा करवतीच्या भुशासारखा जाड पडत नाही. तो पिठासारखा उडतो आणि यंत्राची हवेची नळी रेघ दिसावी म्हणून तो थेट तुमच्या तोंडावर फुंकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा 1995 मध्ये कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. तो धोका मुख्यतः वर्षानुवर्षं कारखान्यात काम करणाऱ्यांचा, पण लहान मूल असलेल्या बंद घरात, हिवाळ्यात खिडक्या लावून, हे काम करू नये हे माझं स्पष्ट मत आहे. यंत्राच्या मेजाच्या, म्हणजे ज्यावर लाकूड ठेवतात त्या पाटाच्या, खालच्या तोंडाला व्हॅक्यूम जोडा, बारीक धूळ अडवणारा एफएफपी2 मास्क लावा आणि कामाचा शर्ट तळघरातच टांगून वर या. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, तर घरात कापूच नका.

इतकं जमत असेल तर आता यंत्राचं बोलू. जर्मनीत दुकानात डेकुपियरझेगे म्हणून विचारायचं. शंभर-दीडशे युरोपासून सुरू होतात. हेग्नेरसारखी तिथलीच चांगली यंत्रं त्याच्या कितीतरी पट महाग आहेत, पण पिढ्यान्पिढ्या चालतात आणि जुन्या बाजारात मिळतात. माझं जुन्यातलंच आहे. घेताना एकच गोष्ट अजिबात सोडू नका: बिनपिनेचं पातं बसलं पाहिजे. स्वस्त यंत्रांत पात्याच्या दोन्ही टोकांना आडवी पिन असते. ती पिन आतून ओवायची तर भोक तीन-चार मिलिमीटरचं पाडावं लागतं, म्हणजे बारीक जाळी आधीच संपली. बिनपिनेचं पातं एक मिलिमीटरच्या भोकातून जातं.

दुसरं, पातं सोडण्या-आवळण्याची सोय दुकानात स्वतःच्या हातानं करून बघा. ए-4 कागदाएवढ्या जाळीला सहज दीडशे भोकं असतात. प्रत्येक भोकाला पातं वरून सोडायचं, ओवायचं, पुन्हा आवळायचं. एका वेळेला अर्धा मिनिट धरलं तरी सव्वा तास नुसता ओवण्यातच जातो. पान्याने आवळायचा स्क्रू असेल तर त्याच्या दुप्पट. अंगठ्याने फिरवायची कळ असलेलं यंत्र चाळीस युरो महाग असलं तरी घ्या. वेग कमी-जास्त करता येणारं असावं. यंत्राच्या हाताची खोली, म्हणजे पात्यापासून मागच्या चौकटीपर्यंतचं अंतर, चाळीस सेंटिमीटर पुरे, तेवढी जवळजवळ सगळ्यांना असते.

पात्यांवर मात्र पैसे वाचवू नका. साध्या यंत्रावर चांगलं पातं सुरेख कापतं, पण भारी यंत्र वाईट पात्याला वाचवू शकत नाही. पातं पाच इंच लांब असतं आणि त्याला नंबर असतो. नंबर वाढला की पातं रुंद आणि दात मोठे. 5 नंबरचं पातं साधारण एक मिलिमीटर रुंद आणि 0.4 मिलिमीटर जाड असतं. तीन मिलिमीटरच्या प्लायला मी 1 किंवा 3 नंबर वापरतो, सहा मिलिमीटरला 3 किंवा 5, आणि पाऊण इंची सागाला 7. पुढे उलट दातांची पाती घ्या. त्यांचे खालचे काही दात वर तोंड केलेले असतात, त्यामुळे फळीच्या खालच्या बाजूला कुसं निघत नाहीत आणि पॉलिश पेपरचं निम्मं काम वाचतं. सुरुवातीला 3 आणि 5 नंबरची दोन-दोन डझन घ्या. दुसरे नंबर नंतर.

पातं किती ताणायचं? बोटानं छेडलं की एकतारीसारखा स्वच्छ, उंच आवाज आला पाहिजे. आवाज बसका आला तर सैल आहे आणि वळणावर ते फुगून बाहेर जाईल. आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही आणि नवखा माणूस स्वतःलाच दोष देत बसतो: बहुतेक पाती सरळ रेघ सरळ कापत नाहीत. बनवताना त्यांच्या एका कडेला बारीक कंगोरा राहतो, म्हणून काप उजवीकडे ओढला जातो. लाकूड नाकासमोर न ढकलता किंचित तिरकं धरून ढकलायचं. किती तिरकं, ते दोन संध्याकाळी काम केलं की हाताला कळतं. आणि पातं बोथट झालं की लगेच बदला. कडक लाकडात ते पंधरा-वीस मिनिटंच धड चालतं. जोर लावावा लागतोय असं वाटलं, की समजा पातं संपलं.

लाकडाच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात. तिकडच्या बर्च प्लायमध्ये प्रत्येक पापुद्रा बर्चचाच असतो आणि आत पोकळ्या फारशा नसतात. इथे संभाजीनगरला मी साधा प्लाय घेतो तेव्हा आधी कडेची पट्टी कापून आत बघतो. मधल्या थरात फट असेल तर नक्षीची बारीक काडी नेमकी तिथेच तुटते. पॉप्लरचा प्लाय स्वस्त आणि मऊ असतो, सरावाला चांगला, पण कडा केसाळ निघतात. भरीव लाकडात लिंडन घ्या. आपल्या शिवणीसारखं हलकं आणि कापायला गोड लाकूड आहे. बीच आणि चेरी वळणावर जळून काळी पडतात. त्यांच्यावर खोक्याला लावतात ती पारदर्शक चिकटपट्टी लावून मग कापा, जळणं बरंच थांबतं. सुतारकामाची दुकानं मोठी फळी हव्या त्या मापात कापून देतात. ती तशीच घ्या, घरात मोठी करवत लागत नाही. तळघरात प्लाय भिंतीला टेकवून उभा ठेवू नका. ओलीनं तो पापडासारखा वळतो. आडवा, वर वजन ठेवून.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: महिनाभर हातकरवत, खालच्या घरात जाऊन आवाजाची परीक्षा, तळघराची लेखी परवानगी, व्हॅक्यूम आणि मास्क, मग बिनपिनेच्या पात्याचं यंत्र. आता काय बनवायचं ते सांगतो, कारण मला खरा आनंद तिथे मिळालाय.

मुलगी पाच वर्षांची आहे म्हणालात. तिला मराठवाड्याचं कोडं करून द्या. आठ जिल्हे, आठ तुकडे. ए-4 कागदावर नकाशा छापा, सहा मिलिमीटरच्या बर्चवर आधी मास्किंग टेप लावा, टेपवर कागद डिंकाच्या कांडीनं चिकटवा. काम झालं की टेपसकट कागद एका ओढीत निघतो, लाकडावर खरवडत बसावं लागत नाही. हद्दीच्या सगळ्या नागमोडी कापू नका, पेन्सिलीने त्या थोड्या सोप्या करून घ्या, नाहीतर टोकं मुलांच्या हातात मोडतात. दोन जिल्ह्यांची सामाईक रेघ एकदाच कापायची. पात्याच्या जाडीएवढी जी फट पडते, तेवढीच तुकडे सहज बसायला हवी असते. आधी बाहेरची सगळी कड काढा, मग एकेक जिल्हा सोडवत आत या. परभणीचा तुकडा शेवटी सुटेल, कारण त्याला जालना, हिंगोली, नांदेड, लातूर आणि बीड असे पाच शेजारी लागतात. तुमचंच गाव मधोमध, म्हणजे मुलीला कोडं लावायची सुरुवात कुठून करायची ते सांगायला नको.

कोड्यासाठी मेज पात्याशी अगदी काटकोनात हवं, नाहीतर तुकडे एकाच बाजूने बसतील आणि दुसऱ्या बाजूने अडकतील. गुण्या लावून बघता येतं, पण पातं लवचीक असल्यामुळे फसगत होते. माझी पद्धत अशी: एक जाड, पाऊण-एक इंची ठोकळा घ्या आणि पात्याने त्यात जेमतेम खाच पाडा. यंत्र बंद करा. ठोकळा मेजावरच अर्धा फिरवून पात्याच्या मागच्या बाजूला न्या आणि तीच खाच पात्याच्या पाठीवर सरकवून बघा. अलगद बसली तर मेज सरळ आहे. अडली तर मेज कललंय. एक मिनिटाचं काम आहे. मी आजही रोज यंत्र सुरू करण्याआधी ते करतो.

हे कोडं मी आत्तापर्यंत वीसेक केली असतील. एकदा वडिलांसाठी पाच तुकड्यांचं केलं. जालना 1981 मध्ये, लातूर 1982 मध्ये आणि हिंगोली 1999 मध्ये वेगळा जिल्हा झाला, त्याआधीचा मराठवाडा पाच जिल्ह्यांचा होता आणि वडिलांनी शाळेत तोच पाठ केलेला. त्यांनी तुकडे लावता लावता प्रत्येक जिल्ह्यातले तालुके म्हणायला सुरुवात केली. माझी मुलगी तोपर्यंत मराठी बोलायला लाजायची. त्या संध्याकाळी ती त्यांच्या मांडीवर बसून "गंगाखेड, पाथरी, जिंतूर" म्हणत होती.

दुसरं काम नावाच्या पाटीचं. देवनागरीत कापायचा विचार कराच, कारण आपली लिपी ह्या कामाला फार सोयीची आहे. रोमन अक्षरात नाव कापलं की प्रत्येक अक्षर सुटं पडतं आणि ती सगळी सरळ ओळीत चिकटवत बसावी लागतात. आपली शिरोरेषा पूर्ण शब्द एका तुकड्यात धरून ठेवते. पण तिची काही पथ्यं आहेत. 'ग' आणि 'ण' ह्यांचा काना उरलेल्या अक्षराला कुठेच चिकटलेला नसतो, नुसता शिरोरेषेला लोंबकळतो. 'मा', 'रा' मधला कानाही तसाच. भरीव लाकडात शिरोरेषा मजबूत राहावी म्हणून आपण लाकडाच्या रेषा आडव्या ठेवतो, मग उभ्या कान्यात त्या आडव्या पडतात आणि तो बिस्किटासारखा तुटतो. म्हणून पाटीला सहा मिलिमीटरचा प्लायच वापरा, त्यात थर आलटून पालटून आडवे-उभे असतात. काना जाड ठेवा. उकार जिथे अक्षराला जुळतो ती जागा निदान तीन मिलिमीटर रुंद करा. छापलेला टाइप जसाच्या तसा कापायला घेऊ नका, आधी पेनाने तो जाड करून घ्या.

आणि अनुस्वार. माझ्या पहिल्या पाटीवर 'पंढरी' लिहायचं होतं, ते अंबाजोगाईच्या आमच्या घराचं नाव आहे. सगळं नीट कापून झालं आणि शेवटी टिंब सुटलं ते मेजाच्या भोकातून थेट व्हॅक्यूममध्ये गेलं. तळघरात वर्तमानपत्र पसरून मी पिशवीतला सगळा भुसा चाळला, पण ते सापडलं नाही. बर्चचा तेवढाच तुकडा पुन्हा कापायला घेतला तर उजळपणा जुळेना. मग अक्रोडाच्या लाकडाचा एक तुकडा होता, त्यातून काळपट टिंब कापून लावलं. ती पाटी आजही घराच्या दारावर आहे, आणि तेव्हापासून मी प्रत्येक अनुस्वार मुद्दाम गडद लाकडाचाच करतो. तुम्हाला मागे वेगळी फळी लावायची नसेल तर टिंब थेंबासारखं काढून त्याचं टोक शिरोरेषेला टेकवा, म्हणजे सुटणारच नाही. उलट पद्धतीने, म्हणजे फळीत अक्षरांचीच भोकं पाडून नाव लिहू नका. शिरोरेषेची सलग फट फळी अर्ध्यात चिरते आणि 'प', 'ब', 'व' ह्यांच्या पोटातला तुकडा खाली पडतो.

जाळ्यांकडे वर्षभरानंतर वळा. बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती जी अष्टकोनी संगमरवरी जाळी आहे, तिच्यासमोर मी कितीदा वही घेऊन बसलोय. अशा जाळीत मध्यभागाकडून कडेकडे कापत यायचं, म्हणजे शेवटपर्यंत बाहेरची भक्कम चौकट हाताशी राहते. पैठणीच्या नारळी काठाचे त्रिकोण आणि आसावलीचा वेलही प्लायमध्ये छान उतरतात. सणाला तुमच्याकडे महालक्ष्म्या बसत असतील तर आरासीची कमान खाचेत खाच बसणारी, बिनखिळ्याची करा, म्हणजे सुटी करून पलंगाखाली सपाट ठेवता येते. खाच कापण्याआधी प्लायची खरी जाडी मोजा. दुकानात ज्याला तीन मिलिमीटर म्हणतात तो कधी 2.8 भरतो, कधी 3.2, आणि तेवढ्यानं कमान डुलते.

रंग-पॉलिशबद्दल एकच सांगतो, पण ते काटेकोर पाळा. लाकडाला जवसाचं तेल फार छान लागतं, पण त्याने भिजलेलं फडकं चुरगाळून डब्यात किंवा कोपऱ्यात टाकू नका. तेल हवेशी संयोग पावताना गरम होतं, चुरगाळलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेतं. फडकं बाहेर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. भाड्याच्या इमारतीच्या तळघरात ह्यात चूक चालणार नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न. सुट्टीला आलात की इथून लाकडाचे तुकडे बॅगेत भरून नेऊ नका, विशेषतः शिसव. शिसवाची अख्खी प्रजाती 2017 पासून साइट्स (CITES) ह्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. तिकडचं लाकूड तिकडे कापा. कायमचं परत येताना यंत्र मात्र घेऊन या. जर्मनीत आणि आपल्याकडे वीज सारखीच, 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ, त्यामुळे फक्त प्लग बदलून अर्थिंगचा तीन पिनांचा बसवायचा. अमेरिकेत असलेल्या वाचकांनी आधी यंत्रावरची पट्टी वाचावी. तिकडे 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ असतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही, आणि साधी इंडक्शन मोटार इथे मंद फिरते आणि तापते. आपल्याकडे वीज जाते-येते तेव्हा दाब उसळतो आणि वेग बदलणाऱ्या सर्किटला ते सोसत नाही. माझं एक सर्किट पहिल्याच उन्हाळ्यात गेलं. तेव्हापासून स्टॅबिलायझर आहे आणि वीज गेली की आधी प्लग काढतो.

सामान बांधताना वरचा हात खालच्या चौकटीला दोरीनं आवळून बांधा आणि पातं काढून ठेवा. पाती मात्र तिकडूनच भरपूर आणा. इथे हव्या त्या नंबरची चांगली पाती वेळेवर मिळणं अवघड जातं. वजनाची चिंता नाही, 5 नंबरची बारा डझन पाती साठ ग्रॅमच्या आसपास भरतात. ती हातातल्या बॅगेत न ठेवता चेक-इनच्या सामानात, तेलाचा हात फिरवून, नळीत बंद करून ठेवा. आणि 3 नंबरची 5 पेक्षा जास्त घ्या, जाळी करायला लागलात की तीच आधी संपतात.